सरईच्या बुंध्याशी भुसा

मराठीत झाडाला साल असते आणि वर्षालाही आपण साल म्हणतो. हिंदीत साल हे एका झाडाचंच नाव आहे. जबलपूरच्या मराठी घरात वाढल्यामुळे हे तिन्ही अर्थ मला लहानपणीच मिळाले. मंडल्याच्या गावांत त्या झाडाला 'सरई' म्हणतात, हे मात्र कॉलेजात गेल्यावर कळलं.

१९९७ चा पावसाळा सरल्यावर वनस्पतिशास्त्राचे आमचे सर आम्हाला मंडला जिल्ह्यातल्या सालवनात घेऊन गेले. सरळसोट उंच झाडं, काहींचे शेंडे वाळलेले आणि बुंध्यांशी भुशाचे ढीग. जवळपास करवत कुठेच नव्हती. हा भुसा झाडाच्या आतून आला होता. वनखातं त्या किड्याला 'साल बोरर' म्हणत होतं. शास्त्रीय नाव होप्लोसेरँबिक्स स्पिनिकॉर्निस.

या भुंगेऱ्याचं वर्ष पावसाला बांधलेलं आहे. पहिल्या सरींबरोबर तो झाडातून बाहेर पडतो. मादी सालीच्या फटींत अंडी घालते. अळ्या सालीखालून पोखरत गाभ्यात शिरतात आणि भुसा बाहेर ढकलत राहतात. मग गाभ्यातच कोष करून पुढच्या पावसाची वाट पाहतात. वर्षाला एकच पिढी. निरोगी झाड मुकाट बसत नाही, ते राळ सोडतं आणि पुष्कळ अळ्या त्या राळेत बुडून मरतात. हल्ला फार मोठा असला, की राळ अपुरी पडते.

सर म्हणाले, ही काही पहिली साथ नाही. १९२३ ते १९२८ या वर्षांत याच मंडला-बालाघाट भागात सालाची लाखो झाडं अशीच मेली होती. तेव्हा हा मुलूख मध्य प्रांतात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. म्हणजे आमच्या पणजोबांच्या नागपुरातूनच या जंगलाचा कारभार चालत होता. आम्हा मराठी माणसांना जंगल म्हटलं की साग आठवतो. सालाची पट्टी मात्र आमच्याच जुन्या प्रांताच्या पूर्वेकडे उभी होती.

सालाचं लाकूड जड आणि टिकाऊ, रेल्वेच्या स्लीपरना उत्तम. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूळ पसरू लागले, तसं सरकारने जंगल राखीव केलं. गावकऱ्यांची कुऱ्हाड, गुरं आणि वणवा बाहेर ठेवायचे आणि जंगल लाकडाच्या कोठारासारखं मोजायचं, असं ते धोरण होतं. बैगांच्या फिरत्या शेतीला, त्यांच्या 'बेवर'ला, बंदी आली. १८९० मध्ये आजच्या दिंडोरी जिल्ह्यातला एक तुकडा 'बैगा चक' म्हणून त्यांच्यासाठी राखला गेला आणि बाकीचं जंगल सरकारचं झालं.

डेहराडूनला १९०६ मध्ये इंपीरियल फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथले कीटकशास्त्रज्ञ सी. एफ. सी. बीसन यांनी अशा किड्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. भारतातल्या वनकीटकांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९४१ चा. तिथल्या संशोधनातून दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली अशी, की हा भुंगेरा परका नाही. तो सालवनात नेहमीच असतो आणि एरवी पडलेल्या, मरणपंथाला लागलेल्या झाडांवर जगतो. दाट आणि म्हाताऱ्या झाडांचं रान, तोडून तिथेच पडू दिलेले ओंडके आणि पावसाची साथ असं सगळं जुळून आलं, की त्याची संख्या अफाट वाढते. साथ हे आजाराचं लक्षण असतं आणि आजाराचं मूळ जंगल कसं राखलं यात असतं.

दुसरी गोष्ट सापळ्याची. भुंगेऱ्याला सालाच्या ताज्या रसाचा वास लांबून ओढतो. म्हणून पावसाच्या सुरुवातीला काही झाडं पाडायची, ओंडके करून त्यांची टोकं ठेचायची. भुंगेरे येतात, रस पिऊन सुस्तावतात आणि हातांनी वेचता येतात. नव्वदच्या दशकातल्या साथीतही हाच उपाय झाला. वेचायला गावांतली गोंड-बैगा माणसं, आणि मजुरी भुंगेऱ्यांची डोकी मोजून. ज्यांची कुऱ्हाड शंभर वर्षांपूर्वी जंगलाला धोका ठरवली होती, त्यांच्याच बोटांवर आता जंगल वाचवण्याची भिस्त होती. त्या दिवशी हे माझ्या लक्षात आलं नाही. आम्ही भुसा कागदाच्या पुडीत भरण्यात दंग होतो.

खरा वाद होता तो तोडीचा. पूर्ण किडलेलं झाड पुढच्या पावसाआधी काढलं नाही, तर त्यातून भुंगेरे बाहेर पडणार. पण बुंध्याशी थोडासाच भुसा आणि वर हिरवागार शेंडा असलेलं झाड? ते राळेच्या जोरावर तगूही शकतं. म्हणून शेंड्याची आणि भुशाची स्थिती पाहून झाडांचे वर्ग पाडले जात. कागदावर हे सोपं. पण कीड लागलेलं झाड तोडल्यावर त्याचं लाकूड विकता येतं, आणि त्यामुळे प्रत्येक वर्गाच्या सीमेवर संशय उभा राहतो. गरजेपेक्षा जास्त झाडं पडताहेत, अशी ओरड तेव्हा झालीच.

तोडलेल्या सालाची भरपाई सोपी नसते. त्याचं बी पावसाच्या तोंडावर पडतं आणि जेमतेम आठवडाभर जिवंत राहतं. ते साठवून सावकाश पेरता येत नाही. रुजलेलं रोपही कित्येक वर्षं वरून मरत, मुळातून पुन्हा फुटत राहतं. म्हणजे चुकून तोडलेल्या एका झाडामागे एका माणसाचं आयुष्य तरी जातं.

आज मी जबलपुरात मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवते. शहरात १९८८ पासून उष्णकटिबंधीय वनांची संशोधन संस्था आहे, डेहराडूनची संस्था १९९१ पासून अभिमत विद्यापीठ आहे. ज्ञान कमी पडेल असं नाही. तरीही मुलांना जंगलात नेते तेव्हा सगळ्यात आधी एक उभं, हिरवं, बुंध्याशी मूठभर भुसा असलेलं झाड शोधते आणि विचारते, याचं काय करायचं?

बहुतेक मुलं लगेच म्हणतात, तोडायचं. मग आम्ही त्या झाडाखाली बसतो आणि मी त्यांना १९२३ पासून सांगायला लागते.