एक तिकीट, अनेक मालक

ज्या देशांत हिवाळ्यात डोंगर बर्फाने झाकून जातात, तेथे शरद ऋतूच्या आरंभी पुष्कळशा घरांत एक प्रश्न चर्चिला जातो. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत येण्याचा, म्हणजे स्कीइंगचा, तेथील लोकांस छंद असतो. माथ्यावर नेणारे दोरीचे पाळणे कोणा ना कोणा कंपनीच्या मालकीचे असतात आणि त्यांचे तिकीट काढावे लागते. अमेरिकेतील मोठ्या डोंगरांवर एका दिवसाचे तिकीट २०० डॉलरांच्याही वर गेलेले आहे. तेव्हा अनेक डोंगरांवर चालेल असा हंगामी पास आगाऊ घेऊन ठेवणे शहाणपणाचे ठरते. परंतु पास कोणता घ्यावा? एका बड्या कंपनीच्या सर्व डोंगरांचा, की ज्यांचे मालक निरनिराळे आहेत अशा लहान लहान डोंगरांनी मिळून काढलेला?

रायपुरास बर्फ पडत नाही. तथापि हा प्रश्न आम्हां रायपूरस्थ मराठी नोकरदारांस वाटतो तितका परका नाही. वर्षाकाठी हाती लागणारी मोजकी रजा, बरोबर मुलेमाणसे, आणि महाराष्ट्रात जाऊन पाहावयाची गावे मात्र अनेक, अशा स्थितीत एकाच तिकिटावर अधिकांत अधिक ठिकाणे कशी साधावीत हा विचार आपल्यापैकी प्रत्येकाने केलेला आहे. १९५६ च्या १ नोव्हेंबरपूर्वी हा विचार इतका निकडीचा नव्हता. त्या वेळी रायपूर आणि विदर्भ एकाच राज्यात होते व नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेने विदर्भ मुंबई राज्यात गेला, रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले, आणि २००० साली ते छत्तीसगड राज्याची राजधानी झाले. इथला मराठी माणूस गाव न सोडताच परप्रांतात आला. त्याच्या मुलांना महाराष्ट्र ठाऊक होतो तो बहुधा मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन नावांनी. लहान गावे वगळली जातात, कारण तेथे जाण्याचा हिशेब जमत नाही. म्हणून हा हिशेब आजवर कोणी कसा जमविला, हे इतिहासात पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

जुना प्रघात असा की जितके दरवाजे तितकी जकात. जुन्नरजवळ नाणेघाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण आहे. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात टाकली जात असे, असे परंपरा सांगते. सातवाहनकाळातील राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेखही तेथल्याच लेण्यात आहे. एका घाटाला एक रांजण ही व्यवस्था समजावयास सोपी खरी. पण ज्याला चार घाट ओलांडावयाचे, त्याने चार ठिकाणी थैली सोडावयाची.

ह्यावरचा पहिला उपाय म्हणजे सर्व दरवाजांचा मालकच एक करून टाकणे. ह्याचे उदाहरण आपल्या रायपूरच्या भूमीतच सापडते. परंपरेप्रमाणे शिवनाथ नदीच्या उत्तरेस रतनपूरचे अठरा गढ व दक्षिणेस रायपूरचे अठरा गढ होते. एका गढात नाममात्र चौऱ्याऐंशी गावे. गढावर दिवाण, बारा गावांच्या गटावर दाऊ आणि गावावर गौंटिया, अशी उतरंड होती. १७४१ मध्ये भास्करपंत कोल्हटकरांनी रतनपूर घेतले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून प्रत्यक्ष राज्य केले. त्यांच्यामागून सुभेदारांची राजवट आली, आणि १७९० च्या सुमारास विठ्ठल दिनकर ह्या सुभेदाराने गढांची जुनी मांडणी मोडून २७ परगणे पाडले व त्यांवर कमाविसदार नेमले. नागपूरकरांना हिशेब सोपा झाला; पण गढांचा कारभार गढांच्या हाती उरला नाही. छत्तीस हा आकडा प्रांताच्या नावात टिकला, मात्र त्यांतील सर्व गढांची नावे सांगू शकेल असा माणूस आता विरळा. आपल्याच लोकांनी केलेली ही व्यवस्था आहे, म्हणून तिचा हा दुसरा पैलू आम्ही मुद्दाम नोंदवितो.

दुसरा उपाय निघाला तो इंग्लंडात, आणि तो काढणारे आमच्याच पेशाचे लोक होते, हे सांगताना आम्हांस संतोष वाटतो. तेथे प्रारंभी रेल्वे अनेक लहान कंपन्यांच्या होत्या. प्रवाशास दूर जावयाचे तर कंपनी बदलली की तिकीट बदलावे लागे. टॉमस एडमंडसन नावाच्या स्टेशनमास्तराने १८३० नंतरच्या दशकात जाड पुठ्ठ्याचे, क्रमांक छापलेले तिकीट काढले. आपल्याकडे संगणक येईपर्यंत खिडकीवर मिळत असे तेच हे तिकीट. क्रमांकामुळे कोणते तिकीट कोठून कोठपर्यंत विकले गेले हे वहीत उतरू लागले. पुढे १८४२ च्या जानेवारीत लंडनला रेल्वे क्लिअरिंग हाऊस स्थापन झाले. लंडन अँड बर्मिंगहॅम रेल्वेचे हिशेबतपासनीस केनेथ मॉरिसन ह्यांची ती कल्पना. प्रवाशाने एकच तिकीट काढावे, त्याने अनेक कंपन्यांच्या रुळांवरून जावे, आणि मागाहून कारकुनांनी मैल मोजून ज्याचा त्याला वाटा पोहोचवावा, अशी ती योजना होती. जंक्शनांवर माणसे उभी राहून जाणाऱ्या वाघिणींचे क्रमांक टिपून घेत. पुढे पुढे ह्या कचेरीत दोन हजारांवर कारकून काम करू लागले. कोणत्याही कंपनीस आपली मालकी सोडावी लागली नाही, आणि तरीही प्रवाशापुरती सर्व मिळून एकच रेल्वे झाली.

आपल्या देशातील दोन लहान लोहमार्ग शेजारी ठेवले म्हणजे दोन्ही उपायांतील भेद नीट उमगतो. दोन्ही अडीच फुटी अरुंद मार्ग. रायपूरहून धमतरीला जाणारा मार्ग १९०० साली सुरू झाला. अभनपुराहून त्याची शाखा राजिमला जाई. हा मार्ग बंगाल नागपूर रेल्वेचा, म्हणजे एका थोर घरचे धाकटे मूल. उलट बार्शी लाइट रेल्वे ही स्वतंत्र कंपनी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या अभियंत्याने ती उभारली. १८९७ मध्ये ती कुर्डुवाडीहून बार्शीस, १९०६ मध्ये पंढरपुरास, १९११ मध्ये लातुरास आणि १९२७ मध्ये मिरजेस पोहोचली. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरून वारकरी ह्या लहान गाडीत बसत. १९५४ च्या १ जानेवारीला सरकारने ती ताब्यात घेतली; तोवर पन्नासांहून अधिक वर्षे ती आपल्या पायांवर उभी होती. मोठ्या मार्गाने प्रवासी आणून सोडावयाचा आणि लहानाने तो पुढे न्यावयाचा, ह्या देवघेवीवर लहानाचा जीव जगला.

आता पुन्हा बर्फाळ डोंगरांकडे वळू. तेथे हेच दोन उपाय नव्याने वापरले गेले. इटलीतील डोलोमाइट पर्वतात १९७४ साली शेजारशेजारच्या खोऱ्यांतील कंपन्यांनी एकत्र येऊन डोलोमिटी सुपरस्की हा सामाईक पास काढला. आज त्यात बारा क्षेत्रे असून सुमारे १२०० किलोमीटरचे उतार एका पासावर खुले आहेत, आणि पाळण्यांचे मालक अद्याप निरनिराळे आहेत. अमेरिकेत २००८ साली व्हेल रिसॉर्ट्स ह्या कंपनीने एपिक पास काढला. त्यामागे एका मोठ्या मालकाचे डोंगर होते. २०१८ मध्ये त्याच्या स्पर्धेस आयकॉन पास आला. ह्या दोहोंच्या ओढीत लहान डोंगरांचे गिऱ्हाईक आटू लागले. तेव्हा २०१९ साली डग फिश ह्या गृहस्थाने इंडी पास सुरू केला. त्याची घडण साधी आहे. प्रत्येक लहान डोंगरावर दोन दिवस जावे, आणि ज्या डोंगरावर जितके पासधारक गेले त्या प्रमाणात पैसा वाटला जावा. शिवाय गर्दी होऊ नये म्हणून पासांची विक्री ठराविक मर्यादेपलीकडे केली जात नाही. लंडनच्या त्या जुन्या कचेरीचे तत्त्व येथे डोंगरावर चढलेले दिसते.

अशा पासाची निवड करणाऱ्याने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. आपण खरोखर किती दिवस जाणार? आपणांस एकाच ठिकाणी रमावयाचे आहे, की नित्य नवे ठिकाण पाहावयाचे आहे? आणि आपला पैसा शेवटी कोणाच्या हाती पडणार? एकाच थोर डोंगरावर आठ दिवस घालविणाऱ्यास बड्या कंपनीचा पास बरा. चार लहान डोंगरांवर दोन दोन दिवस जाणाऱ्यास इंडी पास बरा. यादीत शेकडो नावे असली तरी आपल्या आवाक्यातली किती, हेच मोजावयाचे असते.

हेच तीन प्रश्न घेऊन आपण आपल्या रजेचा विचार करू. केंद्र सरकारी नोकरांस रजा प्रवास सवलत १९५६ पासून मिळते. तिचा नियम असा की जाहीर केलेल्या ठिकाणापर्यंतच्या सर्वांत जवळच्या मार्गाचे भाडे मिळते; वळसा घेतला तर वाढीव खर्च आपला. म्हणून लहान गावांचा वळसा कमी खर्चात बसविणे अगत्याचे. रेल्वेचे वर्तुळाकार प्रवासाचे तिकीट हा त्यावरचा एक मार्ग आहे. निघालेल्या स्थानकासच परत यावयाचे, वाटेत अधिकांत अधिक आठ ठिकाणी उतरावयाचे, आणि एकूण अंतराचे दोन समान प्रवास मानून भाडे भरावयाचे. लांबच्या प्रवासास दर किलोमीटरला भाडे कमी पडत असल्याने तुकड्यातुकड्यांनी तिकिटे काढण्यापेक्षा हे स्वस्त पडते. मात्र मार्ग आधी ठरवून रेल्वेकडून मान्य करून घ्यावा लागतो. शेगाव, मनमाड, दौंड, मिरज, पंढरपूर, लातूर, वाशीम अशी थांब्यांची माळ गुंफावी, म्हणजे वाटेत जुन्या बार्शी लाइटचा आता रुंद झालेला मार्गही येतो.

दुसरा मार्ग राज्य परिवहनाचा. १९४८ च्या १ जूनला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, आणि १९८८ पासून ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास निघाला. तो चार किंवा सात दिवसांचा असतो आणि ते दिवस सलग मोजले जातात. येथे मालक एकच आहे खरा. पण तो रेल्वे न पोहोचलेल्या तालुक्याच्या गावी आणि त्याही पुढच्या वस्तीस पोहोचवितो, हे त्याचे वैशिष्ट्य. आता निवडीचा हिशेब पाहा. २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. समजा, आपण ठरविलेल्या सर्व फेऱ्यांच्या पूर्ण भाड्याच्या दोनतृतीयांश किमतीत पास मिळतो. पुरुषाचा त्यात तिसरा हिस्सा वाचला. पत्नीस मात्र सुटी तिकिटे काढूनही निम्माच खर्च आला असता, म्हणजे तिचा पास तोट्याचा ठरला. एकाच कुटुंबात एकाने पास घ्यावा व दुसऱ्याने घेऊ नये, हा निष्कर्ष चमत्कारिक वाटला तरी अचूक आहे.

राहण्याचा प्रश्नही तसाच. जुन्नरास जाऊन केवळ शिवनेरी पाहावयाचा आणि सायंकाळी पुढे निघावयाचे असेल तर पास उपयोगी. शिवनेरी आता २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. परंतु त्याच मुलखात हडसर, चावंड, जीवधन हे गड आहेत, आणि जीवधनाच्या पायथ्याशी तो नाणेघाट. ते पाहावयाचे तर तीन दिवस जुन्नरातच मुक्काम हवा. तेवढे दिवस सात दिवसांचा पास खिशात जवळजवळ निजून राहणार. अशा वेळी पास न घेता सुटी तिकिटे काढावीत आणि वाचलेला पैसा त्या गावच्या खाणावळीत व वाटाड्यास द्यावा. आपल्या पैशाचा वाटा लहान ठिकाणास पोहोचविणारी कचेरी येथे नाही. ते काम प्रवाशानेच करावयाचे असते.

रजेचा अर्ज लिहिण्यापूर्वी कागदावर प्रथम गावांची नावे लिहावीत, मग प्रत्येकापुढे मुक्कामाचे दिवस मांडावेत, आणि मगच तिकिटाकडे वळावे, असे आमचे आपल्या वाचकांस सांगणे आहे. बहुतेक जण आधी पास घेतात आणि त्याची किंमत वसूल करण्यासाठी गावे शोधतात. मग मुलांच्या ध्यानात राहतात ती फक्त बसस्थानके. चार गावे कमी झाली तरी चालतील. रायपुरात वाढलेल्या मुलाने परत आल्यावर मुंबई-पुण्याच्या जोडीला हडसर नाहीतर वाशीम हे नाव घ्यावे, आणि ते कोठे आहे हे नकाशा न पाहता सांगावे, एवढे साधले तरी रजा सत्कारणी लागली असे आम्ही समजू.