घोड्याच्या पायाचा नासूर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाशिक रोड स्टेशनापासून नाशिक शहरापर्यंत ट्राम सुरू झाली, तेव्हां तिचे डबे ओढण्यास चार घोडे जुंपीत असत. ती ट्राम गेली, टांगेही विरळ झाले. परंतु ज्या बारीक पायांवर शहराचें दळणवळण चालत होतें, त्यांच्या एका दुखण्याचा इतिहास स्मरणांत ठेवण्याजोगा आहे.

घोड्याच्या पुढील पायास गुडघ्याखालीं मांस जवळजवळ नाहींच. हाड, कातडी आणि दोरखंडासारख्या ताणलेल्या शिरा एवढेंच तेथें असतें. या शिरांस वैद्यकांत कंडरा म्हणतात. कंडरेस रक्ताचा पुरवठा थोडा. म्हणून तिच्या जखमेंत पू झाला, कीं आंतील तंतु मरतात. वरून कातडी मिटते, पुन्हां फुटते, आणि नासूर महिनेच्या महिने वाहत राहतो.

आपल्या अश्ववैद्यकाचें मूळ शालिहोत्राच्या नांवें सांगतात; त्यावरूनच घोड्यांच्या वैद्यास सालोत्री हें नांव पडलें. शिरांच्या दुखण्यावर लोकांचा मोठा भरंवसा तापल्या लोखंडाच्या डागावर असे. यांत आपणच मागासलेले होतों असें मात्र कोणी समजूं नये. युरोपांतील अश्ववैद्यही डागच देत. अखेर १९८३ मध्यें ब्रिस्टल येथील संशोधकांनीं दाखवून दिलें, कीं डागानें दुखावलेली कंडरा सुधारत नाहीं.

वस्तुतः नासुरापुरती खरी दिशा जुनीच होती. मनुष्याच्या नाडीव्रणाचा मार्ग एषणीनें, म्हणजे सळईनें, शोधून तो शस्त्रानें उघडावा, असें सुश्रुतानें सांगितलें आहे. आजचा शस्त्रवैद्यही घोड्याचे मेलेले तंतु कापून काढतो, पुवास वाट देतो आणि कंडरेचें आवरण धुतो. मग हें पूर्वीं कां साधलें नाहीं? भुलीचा क्लोरोफॉर्म १८४७ त आला, लिस्टरची जंतुनाशक पद्धति १८६७ त, आणि मुंबईस पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ त निघालें. म्हणजे नाशिकची ट्राम धांवूं लागली, तेव्हां ज्ञान दाराशीं येऊन ठेपलें होतें.

परंतु शस्त्रानंतर घोड्यास दीर्घ विश्रांति हवी. ज्याची चूल घोड्याच्या चालीवर पेटे, त्या टांगेवाल्यानें ती कोठून द्यावी? डाग दिलेला घोडा नाइलाजानें काहीं काळ थानावर उभा राही. जो गुण येई, तो बहुधा त्या विश्रांतीचाच असे. श्रेय मात्र लोखंडास मिळालें. ज्ञान दाराशीं असूनही तें आंत घेण्यास लागणारी उसंत गरिबाजवळ नव्हती, आणि तिची किंमत त्या मुक्या जनावरानें दिली.