प्राइम लेन्स: लोणार ते शेंदूरजनाघाट

नाभीय अंतर न बदलणाऱ्या भिंगाला प्राइम लेन्स म्हणतात. छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या काळात बहुतेक भिंगे अशीच होती. १८४० साली व्हिएन्नात योझेफ पेट्झवाल यांनी चेहऱ्यांसाठी भरपूर उजेड घेणारे भिंग आखले. त्याचा मधला भाग लखलखीत येई, कडा मात्र पुसट. इमारतींसाठी ते गैरसोयीचेच.

वऱ्हाडातल्या लोणारची देवळे मेजर रॉबर्ट गिल यांनी टिपली. पश्चिम भारतातील वास्तू आणि निसर्गाची त्यांची शंभर जोडचित्रे १८६४ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने आली. त्या काळी देऊळ चौकटीत मावेना, तर तिवई उचलून मागे सरकावे लागे. या मर्यादेनेच जागा निवडण्याची शिस्त लावली.

१९२५ च्या लायका कॅमेऱ्यावर ५० मिमी नाभीय अंतराचे भिंग होते. पुढे तेच नेहमीचे ठरले.

वऱ्हाडातल्याच शेंदूरजनाघाटच्या संत्राबागेत ३५ मिमीमध्ये झाडांची ओळ आणि तोडणी करणारी माणसे दोन्ही मावतात. ८५ मिमीने दोन मीटरवरून घेतलेल्या चेहऱ्यात नाक मोठे दिसत नाही. हा गुण खरे तर अंतराचा. एकच भिंग घ्यायचे तर ५० मिमी, एफ/१.८ घ्यावे: स्वस्त, हलके आणि लग्नमांडवातल्या कमी उजेडातही चालणारे.