विस्मृतीचे रहाटगाडगे

नाटकाची संहिता मागे उरते, चित्रपटाची फीत उरते. पण नभोवाणीवरून वर्षानुवर्षे हसविणाऱ्या माणसाचे काय उरते? अमेरिकन विनोदकार फ्रेड अॅलन यांचे चरित्र वाचताना हा प्रश्न आमच्या मनात घोळत राहिला.

त्यांचे मूळ नाव जॉन फ्लॉरेन्स सलिव्हन. ३१ मे १८९४ रोजी बॉस्टनशेजारच्या केंब्रिज येथे, आयरिश कॅथोलिक घरात ते जन्मले. मातृछत्र बालपणीच हरपले. माय गेली तरी मावशी उरली आणि तिनेच त्यांना वाढविले. बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी करीत ते चेंडू झेलण्याची कसरत शिकले. मात्र प्रेक्षक त्यांच्या कौशल्यापेक्षा बोलण्यालाच अधिक हसत. हे ओळखून ‘जगातील सर्वांत वाईट कसरतपटू’ अशी स्वतःची जाहिरात करण्याचा मनमोकळेपणा त्यांनी दाखविला! व्हॉडव्हिलच्या फिरत्या खेळांतून ते ऑस्ट्रेलियापर्यंत गेले. पुढे ब्रॉडवेवर ‘द लिटल शो’ (१९२९) व ‘थ्रीज अ क्राउड’ (१९३०) यांनी त्यांना नावलौकिक दिला.

१९३२ साली पत्नी पोर्टलंड हॉफा यांच्यासह ते नभोवाणीवर आले आणि खरी तपश्चर्या सुरू झाली. रंगमंचावर एकच प्रवेश वर्षभर चाले; येथे दर आठवड्याला सारे नवे हवे! अॅलन वृत्तपत्रांची कात्रणे जमवीत, रात्री जागून लिहीत. जॅक बेनी या मित्राशी त्यांनी १९३६च्या अखेरीस मांडलेले लुटुपुटीचे भांडण श्रोत्यांनी वर्षानुवर्षे चवीने ऐकले. १९४२मध्ये अवतरलेल्या ‘अॅलन्स अॅली’ या काल्पनिक गल्लीत दारोदारी निरनिराळ्या बोलींची माणसे भेटत.

अधिकाऱ्यांच्या कात्रीशी मात्र त्यांचे कधीच जमले नाही. एप्रिल १९४७मध्ये नभोवाणीच्या उपाध्यक्षांची थट्टा करताच एनबीसीने त्यांचा आवाज मध्येच बंद केला. त्यावर विनोद करणाऱ्या बॉब होप व रेड स्केल्टन यांच्यावरही तीच पाळी आली. सारा देश हसला, तो त्या अधिकाऱ्यांना!

१९४८ साली दूरध्वनीवरून बक्षिसे वाटणारा ‘स्टॉप द म्युझिक’ हा कार्यक्रम समोर उभा ठाकला आणि श्रोते तिकडे वळले. रक्तदाबानेही अॅलन यांना जेरीस आणले होते. २६ जून १९४९ रोजी त्यांचा कार्यक्रम संपला. १९५४च्या आत्मकथनाला त्यांनी ‘ट्रेडमिल टू ऑब्लिव्हियन’ हे नाव दिले. विस्मृतीकडे नेणारे रहाटगाडगेच ते: पोहरा भरून वर यायचा आणि रिता होऊन खाली जायचा.

१७ मार्च १९५६ रोजी, संत पॅट्रिकच्या सणादिवशी, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर चालताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. ‘गेट ऑफ हेवन’ या कॅथोलिक दफनभूमीत ते विसावले आहेत. काम नसलेल्या जुन्या सहकलावंतांच्या हाती ते गाजावाजा न करता पैसे ठेवीत. त्या दानाच्या नोंदी कोणत्याही ध्वनिमुद्रणात नाहीत. रहाटाचा पोहरा रिता होतो खरा. पण पाटातून गेलेले पाणी वाफ्यात मुरलेलेच असते. आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तेथेच सापडले.