देवाची माता की प्रभूची आई?

पुण्यात नाना पेठेत, क्वार्टर गेटजवळ असलेले जुने रोमन कॅथलिक चर्च पुणेकरांना ‘सिटी चर्च’ या नावाने परिचित आहे. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतील गोवेकर व पोर्तुगीज ख्रिस्ती सैनिकांसाठी दिलेल्या जागेवर १७९२ मध्ये त्याची स्थापना झाली आणि ते मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. लष्कर भागातील सेंट मेरीज चर्चही मरियेच्याच नावाचे. १८२५ मध्ये बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या हस्ते त्याचे समर्पण झाले. ते मूळचे अँग्लिकन, १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या छत्राखाली आलेले. दोन्ही मंदिरे एकाच मातेची. पण पहिल्या ठिकाणी जपमाळेच्या पन्नास मण्यांवर तिला ‘देवाची माता’ म्हणून विनवणी केली जाते, तर दुसऱ्या परंपरेत ती प्रार्थना सहसा ऐकू येत नाही. या फरकामागे जवळपास सोळाशे वर्षांचा वाद आहे.

वाद वरकरणी मरियेविषयीचा असला तरी मुळात तो येशू ख्रिस्त कोण, याविषयीचा आहे. पूर्वेकडील ग्रीक भाषक ख्रिस्ती लोक मरियेला ‘थिओटोकोस’ म्हणत असत. म्हणजे देवाला जन्म देणारी. ४२८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा आर्चबिशप झालेल्या नेस्टोरियसला हा शब्द खटकला. देव अनादी आहे. मग मानवी स्त्री त्याची जननी कशी? त्याने ‘ख्रिस्टोटोकोस’, म्हणजे ख्रिस्ताला जन्म देणारी, हा शब्द सुचवला. अलेक्झांड्रियाचा आर्चबिशप सिरिल याने त्याला कडाडून विरोध केला. त्याचा युक्तिवाद असा : आई मुलाचा देह घडवते, आत्मा घडवत नाही, तरीही तिला कोणी ‘देहाची आई’ म्हणत नाही, त्या संपूर्ण व्यक्तीची आई म्हणतात. मराठी वाचकाला राजमाता जिजाऊंचे उदाहरण पुरेसे व्हावे. जिजाऊंनी राजपदाला जन्म दिला नाही, बालकाला दिला. तो राजा झाला म्हणून त्या राजमाता. फरक इतकाच, की शिवराय पुढे राजे झाले, तर सिरिलच्या मते मरियेच्या उदरातील व्यक्ती आधीपासूनच देव होती. नेस्टोरियसची वाट धरली तर ख्रिस्ताचे दोन तुकडे पडतात, एक मानव आणि एक देव, ही त्याची भीती होती.

४३१ मध्ये इफिसस येथे, मरियेच्याच नावाच्या चर्चमध्ये, धर्मसभा भरली. अँटिओकचे बिशप वाटेत असतानाच सिरिलने कामकाज उरकले आणि नेस्टोरियसला पदच्युत केले. उशिरा पोहोचलेल्यांनी वेगळी बैठक घेऊन सिरिललाच दोषी ठरवले. धर्मशास्त्राइतकेच राजकारणही त्यात होते, हे मान्य करायला हवे. दोन्ही पक्षांचा समेट ४३३ मध्ये झाला आणि ४५१ च्या कॅल्सिडन धर्मसभेने ‘थिओटोकोस’ पुन्हा मान्य केला. मात्र पर्शियाकडील पूर्वेची मंडळी या निर्णयापासून दूर राहिली. तिची भारतीय शाखा, खाल्डियन सिरियन चर्च, आजही केरळात त्रिशूर येथे आहे. गंमत अशी, की ‘देवाची माता’ न म्हणणाऱ्या या मंडळीचे त्रिशूरमधील मुख्य चर्च मार्त मरियम, अर्थात मरियेच्याच नावाचे आहे. नेस्टोरियसला मरियेचा द्वेष्टा ठरवणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

सोळाव्या शतकातील सुधारणावाद्यांनी हा किताब फेकून दिला, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. मार्टिन ल्यूथरने तो आयुष्यभर मानला. कॅल्विनला इफिससचा निर्णय अमान्य नव्हता, पण सामान्य उपदेशात हा शब्द वापरणे त्याला धोक्याचे वाटे. प्रोटेस्टंटांचा खरा आक्षेप शब्दामागून आलेल्या आचारावर आहे : मरियेकडे मध्यस्थीसाठी धाव घेणे, नवस बोलणे, मिरवणुका. लूकच्या शुभवर्तमानात एलिशाबा तिला आपल्या प्रभूची आई म्हणून संबोधते, ‘देवाची माता’ ही अक्षरे मात्र बायबलमध्ये कोठेच नाहीत, हा त्यांचा दुसरा मुद्दा. कॅथलिकांचे उत्तर असते, की आराधना केवळ देवाची. मरियेला मिळतो तो आदर, फार तर विशेष आदर. हा भेद तत्त्वतः स्पष्ट आहे. वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणाचे हात-पाय आणि बाळाच्या बाहुल्या वाहणाऱ्या सर्वधर्मीय गर्दीला तो किती उमजतो, हा प्रश्न प्रोटेस्टंट विचारतात आणि तो अगदीच गैरलागू नाही.

मराठीत या वादाला आणखी एक पदर आहे. संस्कृत परंपरेत ‘देवमाता’ म्हणजे अदिती, देवांची आई. त्यामुळे मरियेला देवमाता म्हणताच ऐकणाऱ्याच्या मनात एखादी देवी उभी राहते. नेस्टोरियसला जी भीती होती तीच. कौसल्या किंवा देवकी हे साम्य त्याहून जवळचे, कारण दोघी मानवी माता आणि पुत्र ईश्वरी. पण ख्रिस्ती धर्मशास्त्र एकदाच घडलेल्या देहधारणावर ठाम असल्याने अवताराची कल्पनाही त्याला पुरती लागू पडत नाही. ‘माउली’ या शब्दाचा प्रवास तर अधिकच वेधक आहे. कॅथलिकांनी तो मरियेला दिला. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या अभंगांत मात्र गुरू आणि माउली ख्रिस्तच आहे. वारकऱ्यांनी ज्ञानेश्वरांना दिलेले हे संबोधन मराठी प्रोटेस्टंट भक्तीने आईकडून पुत्राकडे वळवले, असे म्हणता येईल.

पुण्याच्या इतिहासात हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने भिडला तो पंडिता रमाबाईंना. गुरुवार पेठेतील पंचहौद मिशन चहाच्या ग्रामण्यामुळे सर्वांना ठाऊक आहे. तेथे काम करणाऱ्या वाँटेजच्या जोगिणी १८७७ मध्ये पुण्यात आल्या होत्या. त्यांच्या संघाचे नावच कुमारी मरियेवरून पडले होते. या जोगिणींच्या आणि फादर नेहेमिया गोरे यांच्या सहवासातून रमाबाई ख्रिस्ती धर्माकडे वळल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण लवकरच त्यांनी त्रैक्याचा सिद्धान्त आणि ख्रिस्ताचे ईश्वरत्व यांविषयी शंका उपस्थित केल्या. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. धर्मसभांनी ठरवले म्हणून नव्हे, बायबलमध्ये सापडले तरच मानीन, हा त्यांचा बाणा त्यात पानोपानी दिसतो. मरियेचा किताब हा तेथे वादाचा मुख्य विषय नव्हता. पण ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाचा पायाच तपासायला घेतला, की त्यावर उभा असलेला ‘देवाची माता’ हा शब्दही आपोआप अधांतरी होतो. संस्कृत पंडितेने गुरूंना विचारलेले हे प्रश्न जोगिणींना उद्धटपणाचे वाटले. आज वाचताना ते पाचव्या शतकातील प्रश्नांइतकेच गंभीर वाटतात.

सध्याच्या पुण्यात दोन्ही बाजूंचे अध्यापन चालते. नगर रस्त्यावर रामवाडीला ज्ञानदीप विद्यापीठ आहे. त्याचे मूळ असलेली पेपल सेमिनरी १९५५ मध्ये श्रीलंकेतील कँडीहून येथे आली. बिबवेवाडीत युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, जी १९८३ मध्ये यवतमाळहून स्थलांतरित झाली. शहरातील मल्याळी ख्रिस्ती समाजातही हीच दुफळी आढळते. ऑर्थोडॉक्स सिरियन इफिससला मानतात आणि मरियेची मध्यस्थी मागतात. मार्थोमा मंडळीने मात्र अब्राहाम मल्पान यांच्या एकोणिसाव्या शतकातील सुधारणेनंतर अशा विनवण्या उपासनेतून वगळल्या.

अलीकडच्या दशकांत सूर बराच खाली आला आहे. ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेच्या मंडळीचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी संयुक्त घोषणापत्र काढून ‘देवाची माता’ आणि ‘आपला देव व तारणारा जो ख्रिस्त त्याची माता’ ही दोन्ही संबोधने एकाच श्रद्धेची म्हणून मान्य केली. अँग्लिकन-कॅथलिक आयोगाच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निवेदनातही थिओटोकोसवर एकमत दिसते. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅटिकनने मरियेला ‘सहतारक’ म्हणणे अनुचित ठरवले. ‘देवाची माता’ मात्र अबाधित ठेवले. मतभेद उरला आहे तो प्रार्थनेत. १ जानेवारीला कॅथलिक चर्चांत ‘देवमाता मरिया’ हा सण साजरा होतो. अँग्लिकन परंपरेच्या पंचांगात तोच दिवस बाळ येशूच्या सुंतेचा आणि नामकरणाचा. गुरुवार पेठेतील उंच घंटाघराचे चर्चही ‘पवित्र नाम देवालय’ म्हणूनच ओळखले जाते.