दोन रोग, एक नांव

भूम तालुक्यांतील ईट हें आमचें आजोळ. तेथील एका वृद्ध शेतकऱ्यास आम्हीं एकदां विचारलें कीं, घटसर्प आपल्या पाहण्यांत आला आहे काय? आमच्या मनांत लहान मुलांचा रोग होता. ते गृहस्थ मात्र आपल्या बैलाविषयीं बोलूं लागले. गळा सुजतो, ताप चढतो, घरघर लागते आणि पाहतां पाहतां जनावर हातचें जातें. म्हणून पावसाळ्यापूर्वीं लस टोचून घ्यावी लागते, इत्यादि. त्यांचें कांहींच चुकलें नव्हतें. जनावरांच्या त्या रोगास घटसर्प म्हणतात आणि मुलांच्या डिफ्थेरियासही घटसर्पच म्हणतात. दोहोंचे जंतु अगदीं निराळे. परंतु गळा धरतो तो घटसर्प, एवढीच लोकांची व्याख्या. आम्हांस प्रथम याची गंमत वाटली. पुढें वाचतां वाचतां ध्यानांत आलें कीं, असाच घोटाळा यूरोपांतील विद्वानांनींही मुलांच्या बाबतींत दीर्घकाळ केला होता.

आपल्या प्राचीन वैद्यांस गळा कोंडून जीव घेणारा रोग चांगला ठाऊक होता. सुश्रुतानें कंठाचे सतरा रोग सांगितले, त्यांत रोहिणीचेच पांच प्रकार आहेत. गळ्यांत मांसांकुर वाढून श्वास अडतो असें तिचें वर्णन. चरक तर रोहिणी झालेल्या रोग्यास फार तर तीन रात्रींचें आयुष्य देतो. ही रोहिणी म्हणजे घटसर्पच, असें पुष्कळ अभ्यासक मानतात. सतराव्या शतकाच्या आरंभीं स्पेनांत याची सांथ आली, तेव्हां तेथील लोकांनीं गळा आवळून देहांत शासन देण्याच्या दोरीवरून रोगास नांव दिलें. आमच्याकडे सर्प, त्यांच्याकडे रज्जु! वेदान्त्यांचा दृष्टान्त असा भलत्याच ठिकाणीं भेटतो.

१७६५ सालीं एडिंबरोच्या फ्रान्सिस होम यानें 'क्रूप' हा स्कॉटलंडांतील साध्यासुध्या लोकांचा शब्द वैद्यकाच्या ग्रंथांत आणला. घोगऱ्या आवाजानें ओरडणें असा त्याचा अर्थ. १८०७ त नेपोलियनचा चार वर्षांचा पुतण्या या रोगानें वारला आणि बादशहानें बारा हजार फ्रँकांचें बक्षीस लावलें. तें जिनीव्हाचा झ्यूरीन व ब्रेमेनचा आल्बर्स यांस विभागून मिळालें. उपाय मात्र सांपडला नाहीं. जळवा लावणें, रक्त काढणें, वांती करविणें हाच क्रम चालू राहिला. श्वासासाठीं धडपडणाऱ्या पोराचें रक्त काढणारे ते वैद्य दुष्ट नव्हते, हें आठवलें म्हणजे अधिकच वाईट वाटतें.

१८२६ त फ्रान्समधील ब्रेतोनो यानें घशांत पापुद्रा धरणारा रोग नीट ओळखून त्यास आजचें डिफ्थेरिया हें नांव ज्यावरून आलें तें नांव दिलें. पण त्याच सपाट्यांत खरा क्रूप तो हाच, असेंही ठरलें. ज्यांत पापुद्रा नाहीं तो 'खोटा' क्रूप म्हणून मागें पडला. १८८३-८४ त क्लेब्स व लफलर यांनीं घटसर्पाचा जंतु दाखविला, तेव्हां गुंता सुटूं लागला. १८९० त बेरिंग व कितासातो यांनीं प्रतिविष शोधलें आणि १८९४ त रू यानें घोड्याच्या रक्तजलानें पॅरिसच्या मुलांच्या रुग्णालयांतील मृत्यूंचें प्रमाण निम्म्यावर आणलें. 'खोट्या' क्रूपच्या मागचा विषाणु हातीं लागावयास मात्र १९५६ साल उजाडलें. आपल्या देशांत १९७८ पासून घटसर्पाची लस सरकारी कार्यक्रमांत आली. त्यामुळें हा रोग पुष्कळ घटला, नाहींसा मात्र झाला नाहीं.

हें सर्व पुस्तकी ज्ञान एका रात्रीं आमच्या कामीं आलें. ईटास दिवाळीनंतर मुक्कामास असतां आमच्या मामेभावाचा दीड वर्षांचा नातू मध्यरात्रीं एकाएकीं कुत्र्याच्या पिलासारखा भुंकून खोकूं लागला. दोन दिवस साधी सर्दी होती. आवाज बसलेला, रडला कीं श्वास आंत घेतांना शीळ घातल्यासारखा स्वर निघे. कोणी चमच्यानें घसा पाहूं म्हणालें, कोणी वाफारा सुचविला. आम्हीं दोन्ही होऊं दिलें नाहीं. घशाशीं झटापट केली तर मूल रडतें, आणि रडण्यानें अरुंद झालेली वाट अधिकच मिटते. वाफेनें गुण येतो असें सिद्ध झालेलें नाहीं, पोर भाजण्याचें भय मात्र खरें. आईनें त्यास मांडीवर उभें धरून बसावें, एवढेंच आम्हीं सांगितलें. निवांत असतांनाही तो स्वर ऐकूं येऊं लागला, बरगड्यांखालीं खळगे पडूं लागले, लाळ गळूं लागली, गिळतां येईना किंवा ओठ निळे दिसले, तर क्षणाचाही विलंब न करितां रुग्णालय गांठावयाचें, असें ठरवून गाडी दाराशीं आणून ठेविली. आणि लसी सर्व टोचल्या आहेत ना, हें आधीं विचारून घेतलें. कारण घटसर्पाची शंका असली तर वाट पाहणें नाहीं. खोकल्याचा जोर पहांटेस ओसरला. सकाळीं डॉक्टरांनीं डेक्सामेथासोन या औषधाची एकच मात्रा तोंडानें दिली. १९८९ च्या सुमारास जुन्या चांचण्या एकत्र तपासल्या गेल्यापासून या औषधाविषयींचा पूर्वींचा वाद बहुतेक मिटला आहे.

त्याच घरांत, निजामी अमलांत, आमच्या आजीचें पहिलें मूल 'घशानें गेलें'. तेंही भुंकल्यासारखें खोकत होतें. घरांत चुलीचा धूर कोंडला होता म्हणून ती त्यास पदराखालीं घेऊन अंगणांत थंडींत बसली. त्या थंडीनेंच मूल गेलें, हा बोल तिला सासरीं जन्मभर ऐकावा लागला आणि तो तिला स्वतःलाही खरा वाटे. मुलास घटसर्प होता कीं साधा क्रूप, हें आतां सांगतां येणार नाहीं. घटसर्प असला तर अंगण काय नि माजघर काय, दोन्ही सारखींच. पण २०२३ सालीं झ्यूरीनच्याच जिनीव्हांत एक चांचणी प्रसिद्ध झाली: सौम्य ते मध्यम क्रूप झालेल्या मुलांस औषध देऊन अर्धा तास बाहेरच्या थंड हवेंत बसविलें, तर त्यांस घरांतल्यांपेक्षां लवकर आराम पडला. आजी जाऊन तेव्हां बरींच वर्षें लोटलीं होतीं.