दुकान कोणाचे?

मंडळी, आपल्या जालना जिल्ह्यात सहकार म्हटले की अंकुशनगरचा समर्थ साखर कारखाना आठवतो. तिथे ऊस घालणारा शेतकरी सभासद असतो. पण तीच साखर दुकानातून किलो-अर्धा किलो आणणाऱ्याचे काय? त्याचाही सहकार आहे, आणि तो आपल्या साखर कारखान्यांहून पुष्कळ जुना आहे.

इंग्लंडात रॉचडेल हे कापडाच्या धंद्याचे गाव. पिठात भेसळ, मापात पाप आणि डोक्यावर दुकानदाराची उधारी, असे कामगारांचे हाल होते. शेवटी २८ जणांनी प्रत्येकी एक पौंड जमवून २१ डिसेंबर १८४४ रोजी स्वतःचे दुकान उघडले. माल थोडाच, पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या. पण नियम पक्के. माल शुद्ध, वजन चोख, विक्री रोखीने. उरलेला नफा ज्याची जेवढी खरेदी त्या प्रमाणात परत. आणि भाग कितीही असोत, माणशी मत एकच.

१९४८ च्या सप्टेंबरात आपला मराठवाडा निजामाच्या जोखडातून सुटला. त्याच वर्षी मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत 'अपना बाजार' सुरू झाला. पुढे १९६२ च्या सुमारास केंद्र सरकारने योजना आखून शहरोशहरी ग्राहक भांडारांना भांडवल पुरवले. भांडारे भराभर निघाली, त्यांतली बरीच बंदही पडली. मला वाटते, पैसा सरकारचा असला की सभासदाला दुकान आपले वाटत नाही. तो नुसता गिऱ्हाईक होतो.

१९७५ साली निघालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानच ठेवले नाही. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी द्यायची, घाऊक खरेदीचा माल एका घरी उतरवून घ्यायचा आणि आपसांत वाटायचा. काम अंगावर पडले म्हणून आपलेपणा टिकला.

माणशी एक मत हे तत्त्व आपल्या १९६० च्या सहकार कायद्यातही आहे. पण ते वापरतो कोण? पतसंस्था असो की भांडार, वार्षिक सभेला आपण जातो, चहा-चिवडा घेतो, भेटवस्तू पिशवीत टाकतो. अहवालही तिच्याखाली जातो, न वाचताच. असो. यंदाच्या सभेआधी ताळेबंदाचे पान तेवढे वाचा आणि निदान एक प्रश्न उभे राहून विचारा.